अडीच अँपिअरचा पाहुणा

१

रुद्रप्पांच्या कस्तुराचा साखरपुडा अगदी साखरेपर्यंत येऊन पोचला होता, आणि घरातले सगळे दिवे गेले.

दिवेलागण नुकतीच झाली होती. शुक्रवार पेठेत विजेचे दिवे असलेली घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक सुताचे व्यापारी रुद्रप्पा यांचं. मुहूर्त मुद्दाम संध्याकाळचा काढला होता. दिवसाचा काढला असता, तर पाहुण्यांना दिवे दिसले असते कसे? दिवाणखान्यात अक्कलकोटची मंडळी बसली होती. नवरामुलगा सिद्धप्पा, तिथल्या कचेरीतला कारकून, एकसारखा छताकडे बघत होता. समोर बघितलं असतं तर कस्तुरा दिसली असती, आणि चारचौघांत ते बरं दिसलं नसतं. मुलाची आई शरणम्मा आतल्या खोलीत लुगडं बदलायला गेल्या होत्या. त्या आल्या की साखर.

त्यांच्या आधी अंधार आला.

कुणी सिद्धेश्वराचं नाव घेतलं, कुणाच्या हाताखाली पानाचं तबक उलटलं. "कुणी घाबरू नका!" असं रुद्रप्पा ओरडले, तेव्हा जे घाबरले नव्हते तेही घाबरले. तेवढ्यात पेठेतला गॅसबत्तीवाला मायाप्पा पेटती बत्ती उंच धरून आत शिरला. जणू दाराबाहेर अंधाराचीच वाट बघत उभा होता. त्या पांढऱ्याफटक उजेडात शरणम्मा आतल्या खोलीच्या दारात उभ्या दिसल्या. चौकट हातानं घट्ट धरलेली.

"अय्यो शिवने," त्या म्हणाल्या. "बेडा. नको. हे आता नको."

"अहो, फ्यूज गेला असेल नुसता," रुद्रप्पा म्हणाले.

"देव नको म्हणतोय, आणि तुम्ही फ्यूज म्हणताय."

वायरमन हरिबा जेवणाच्या आमंत्रणावरून घरात होताच. त्यानं पेटी उघडून नवी तार घातली. दिवे लागले. कुणी हात न लावलेल्या साखरेच्या ताटावर उजेड पडला तेव्हा पाहुणे पायऱ्या उतरत होते. ते सात रस्त्याजवळ आपल्या नातलगांकडे मुक्कामाला गेले आणि तिथून निरोप आला: उद्या दुपारच्या मोटारीनं आम्ही परत निघतो. साखरपुडा राहू द्या.

राहू द्या, म्हणजे मोडला. तोंडावर नाही म्हणण्याइतकी उद्धट माणसं त्या भागात नव्हती.

२

सकाळपर्यंत रुद्रप्पांनी तीन गुन्हेगार नक्की केले होते: काम वाईट करणारा हरिबा, विजेनं ज्याचा धंदा बसवला तो मायाप्पा, आणि शनी. शनीला बोलावणं धाडता येत नव्हतं. म्हणून त्यांनी रावजी मास्तरांना बोलावलं.

रावजी मास्तर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत. माणूस प्रेमळ, पण आयुष्यात एक दुःख होतं: समांतर जोडणी म्हणजे काय, हे अख्ख्या सोलापुरात त्यांच्याखेरीज कुणाला समजलेलं नव्हतं. रुद्रप्पा त्यांचाच विद्यार्थी. "विजेचे दिवे समांतर का जोडतात?" या प्रश्नाला रुद्रप्पांनी "समांतर रेषा एकमेकींना मिळत नाहीत, त्यामुळे भांडण होत नाही," असं उत्तर लिहिलं होतं. मास्तरांनी शून्य दिलं आणि पुढं बरेच दिवस त्यांना त्या शून्याबद्दल वाईट वाटत राहिलं.

"मास्तर, पोरीचं लग्न मोडतंय," रुद्रप्पा म्हणाले. "दिवे कुणी घालवले तेवढं शोधा. माणसानं घालवले असं सिद्ध झालं, की अपशकुन राहत नाही. शरणम्मा तेवढ्या सरळ आहेत."

"मोटार केव्हाची?"

"दुपारची."

"मग हरिबाला बोलाव, रुद्र्या." जावई येण्याच्या वयाच्या माणसाला आपण रुद्र्या म्हटलं हे मास्तरांच्या लक्षात आलं नाही. रुद्रप्पांच्या आलं, पण गरज त्यांची होती.

हरिबा जतकडच्या मेंढक्यांच्या घरातला. सोलापुरात येऊन वायरमन झाला होता. आपल्यावर आळ येणार हे ओळखून त्यानं फ्यूजची चिनीमातीची खुंटी जळक्या तारेसकट धोतराच्या सोग्यात बांधून ठेवली होती. ती त्यानं मास्तरांपुढं ठेवली.

"बघा की. माजं काम वंगाळ असतं, दोन तारा एकमेकीला चिकटल्या असत्या, तर फटकन आवाज झाला असता न् हे पांढरं समदं काळं पडलं असतं. हितं काजळी हाय का? न्हाय. तार निवांत वितळलीया. मदी थेंब धरलाय."

मास्तरांनी खुंटी उजेडात फिरवली. पांढरी स्वच्छ. तारेच्या टोकाला मोहरीएवढा थेंब.

"नवी तार घातल्यावर काय झालं?"

"काय न्हाय. दिवं लागलं. आजून चालू हायती."

"तू आणखी कुठं काही दुरुस्त केलंस?"

"हात न्हाय लावला, मास्तर. आईची आण."

मास्तरांनी खुंटी हरिबाला परत दिली. मग रुद्रप्पांकडे वळले.

"घरात बिघाड असता, तर नवी तारही जळाली असती. ती जळाली नाही. म्हणजे पहिली तार वितळली आणि दुसरी बसली, या मधल्या वेळात बिघाड आपण होऊन निघून गेला. रुद्रप्पा, ज्या बिघाडाला पाय असतात तो बिघाड नसतो. माणूस असतो."

३

"मायाप्पा!" रुद्रप्पा म्हणाले. "पाय त्यालाच आहेत. एवढ्या लवकर दुसरं कोण आलं असतं?"

मायाप्पा समोरच्याच बोळात बत्त्यांच्या काचा पुसत बसला होता. पूर्वी त्याच्या बत्तीशिवाय पेठेत वरात निघत नसे.

"आलो की," तो म्हणाला. "ज्या घरी विजेवर समारंभ असतो, त्या घराबाहेर मी बत्ती घेऊन उभाच असतो. कधी ना कधी वीज जाते. माझा धंदाच तो आता. यात चोरी काय?"

"चोरी नाही," मास्तर म्हणाले. "पण दिवे गेल्यावर बत्ती पेटवून, पंप मारून, उजेड धरेपर्यंत वेळ लागतो. तू तर लगेच आत आलास."

"मी आधीच पेटवली होती."

"बघा!" रुद्रप्पा टाळी वाजवून म्हणाले.

"आधी म्हणजे केव्हा?" मास्तरांनी विचारलं.

मायाप्पानं पुसायचं थांबवलं. "दिवे मंद झाले तेव्हा. तुम्हाला आत बसून नसेल दिसलं, पण माझे डोळे उजेडावरच जगतात. खिडक्या चांगल्या पिवळ्याधमक होत्या. एकदम जरा म्लान झाल्या, वात खाली ओढल्यासारख्या. म्हटलं, आजारी पडली वीज. बत्ती पेटवली, पंप मारला, बत्ती फुसफुसायला लागली, ती धरून जरा वेळ उभा राहिलो, आणि तिकडं अंधार."

मास्तरांचा चेहरा उजळला. सगळ्या वर्गात एकाच मुलाचं उत्तर बरोबर आल्यावर तो असा उजळत असे.

"आधी मंद, आणि मग काही वेळानं बंद. मायाप्पा, तू माझ्या वर्गात असतास तर!"

"वर्गात मला कोण बसवणार होतं?" मायाप्पा म्हणाला. "पण मास्तर, एक विचारू? थोड्या वेळात ते पाहुणे सात रस्त्यावरून मोटारीला निघतीलच. कस्तुरा लहानपणी माझ्या बत्तीभोवती पाखरं धरायची. तिचं काही होईल ना?"

४

घरात रुद्रप्पांची थोरली बहीण गोजरबाई ज्वारीच्या पिठात हात घालून बसली होती. भावजय वारल्यापासून घर आणि कस्तुरा दोन्ही तिनंच सांभाळलं होतं.

"काल कुठले कुठले दिवे चालू होते?" मास्तरांनी विचारलं.

"दिवाणखान्यातलं तेवढंच. बाकीचं म्या समदं मालवलं हुतं."

"का?"

गोजरबाईनं मास्तरांकडे कीव करून बघितलं. "मास्तर असून इचारता व्हय? पाटाचं पाणी कसं असतं? वरच्यानं वाफं भिजवलं, की खालच्याला चिखल बी मिळत न्हाय. पावणं यायचं म्हून म्या माजघर, सोपा, न्हाणी, समदीकडचं बंद केलं. म्हणलं, समदी ईज दिवाणखान्यात वळू दे. लई लख्ख उजेड पडला हुता!"

"तसूभरही जास्त पडला नव्हता."

"पडला हुता की. समद्यांनी बघितला."

एरवी मास्तरांनी इथं फळा मागवला असता. पण आज ते खुशीत कागद-पेन्सिलीसाठी खिसे चाचपू लागले. ही चूक नसती तर घरात किती दिवे जळत होते हे कुणाला सांगता आलं नसतं. गोजरबाईच्या अज्ञानानं गणित सोपं केलं होतं.

त्यांनी पाटावरच्या पिठात बोटानं आकडे काढले. दिवाणखान्यात साठ वॉटचे सहा दिवे आणि मधला मोठा दोनशेचा. सोलापूरची वीज दोनशेवीस व्होल्टची. प्रत्येक दिवा आपापला प्रवाह घेतो, सगळ्यांची बेरीज करायची. झाले अडीच अँपिअर. हरिबाची तार वितळते पाचाला.

"म्हणजे आणखी अडीच तरी कुणीतरी घेत होतं," मास्तर म्हणाले. "दिवा म्हणाल तर असे दहा दिवे. दहा दिवे पदराआड लपवता येत नाहीत. अंधारात बसून अडीच अँपिअर खाणारं काय होतं तुमच्या घरात, गोजरबाई?"

"माज्या पिठात हात घालू नगा. मला काय ठावं?" मग तिला काहीतरी आठवलं आणि आवाज आपोआप खाली आला. "पर एक बगा हं, मास्तर. बायामाणसाचं बोलणं हाय. मोटारीतनं आली तवा समद्यांची कापडं बोळा झाली हुती. मुलाच्या बापाचा कोट तर गाईनं चघळल्यावानी. आन् इहीणबाईंनी बोचक्यातनं काढलेलं इरकली लुगडं नेसलं, त्याला एक चुणी न्हवती! आता बोचक्यात असं ऱ्हाईल का कापड?"

रुद्रप्पांनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. मास्तरांनी ऐकलं, आणि त्यांचं बोट पिठात थांबलं.

"त्या आतल्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," दारातून कस्तुरा म्हणाली.

५

आतल्या खोलीत कस्तुराच्या रुखवताचं सामान रचून ठेवलं होतं. पाहुणे गेल्यावर तिनं खोलीला कुलूप घातलं होतं आणि सकाळपासून किल्ली कुणाला दिली नव्हती.

मास्तरांनी वर बघितलं. छतातून लोंबणाऱ्या तारेला दिवा नव्हता, रिकामा होल्डर होता. दिवा कोनाड्यात होता, रुमालात नीट गुंडाळून ठेवलेला. ज्यानं काढला त्यानं परत लावायचा म्हणून जपून काढला होता.

"वडिलांनी मुंबईहून विजेची इस्त्री मागवलीय," कस्तुरा म्हणाली. "रुखवतात मांडायला. तिला वेगळं बटण लागत नाही. दिवा काढायचा आणि तिचं टोक तिथंच बसवायचं."

तिनं स्वतःच खोका उघडला. आत इस्त्रीखालची मऊ फडकी तपकिरी पडली होती आणि खोलीभर करपल्याचा वास सुटला. इस्त्रीच्या पितळी पट्टीवर सहाशे वॉट कोरलं होतं. मास्तरांनी मनात भागाकार केला. अडीचाहून थोडं जास्त.

"सुटलं," ते म्हणाले. गणित सुटल्यावर त्यांना नेहमी होणारा आनंद या वेळी अर्ध्यातच थांबला, कारण कस्तुरा रडत होती.

"तुला माहीत होतं?"

"रात्री वास आला तेव्हाच. या खोलीत त्याच होत्या, मास्तर. दुसरं कुणी नव्हतं."

"मग बोलली का नाहीस? आता सांगू. अपशकुन बिपशकुन काही नाही, सहाशे वॉटची इस्त्री!"

"आणि मग?" कस्तुरानं डोळे पुसले. "मुलीकडच्यांनी मुलाच्या आईला चोरून इस्त्री करताना पकडलं, असं दोन्ही गावांत होईल. अपशकुनानं मोडलेलं लग्न कधी जुळेल तरी. असं मोडलेलं जुळत नाही."

मास्तरांनी खोक्याचं झाकण लावलं. पाठ्यपुस्तकात एवढ्या पुढचं नसे.

"मला हे स्थळ पसंत आहे, मास्तर," कस्तुरा म्हणाली. "कुणी विचारलं नाही, म्हणून सांगायचं राहिलं. तुम्ही उत्तर काढा. फक्त मोठ्यानं वाचू नका."

६

मोटारीच्या आधी घटकाभर या, रुद्रप्पांचे मास्तर फक्त दिवे का गेले ते सांगणार आहेत, असा निरोप गेला. शरणम्मा यायला तयार नव्हत्या. सिद्धप्पानं त्यांना आणलं. तो काय बोलला कळलं नाही, पण आज तो छताकडे बघत नव्हता.

शरणम्मा दाराशीच बसल्या, निघायच्या तयारीनं. रात्रभर झोप नसल्याचं तोंडावर दिसत होतं. आपण पकडले गेलो असं वाटणाऱ्या माणसाचा हा चेहरा नाही, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. हा चेहरा भ्यालेल्या माणसाचा होता. ते थोडे चक्रावले.

"पंगत डोळ्यांपुढं आणा," त्यांनी सुरुवात केली. "प्रत्येक दिवा म्हणजे एक पान. समांतर जोडणी म्हणजे प्रत्येकाचं पान वेगळं. शेजारचा उठला म्हणून तुमच्या पानात जास्त पडत नाही, आणि नवा बसला म्हणून तुमचं कमी होत नाही. गोजरबाई, ऐकताय ना?"

"ऐकतीया. पटत न्हाय."

"पण वाढपी एकच. पानं वाढत गेली की त्याच्या खेपांवर खेपा होतात. आधी तो जरा मंदावतो. मायाप्पानं ते बाहेरून पाहिलं. आणि मग त्याची कंबर मोडते. ती कंबर म्हणजे फ्यूजची तार. काल पंगतीत दिसत होती तेवढी पानं वाढप्याला सहज झेपत होती. म्हणजे न दिसणारा एक पाहुणा बसला होता, एकटा अडीच अँपिअर जेवणारा. तो उठून गेला आणि सगळं सुरळीत झालं. यात देव नाही, शनी नाही, कुणाचं पाप नाही. बेरीज आहे."

"पण पाहुणा कोण?" रुद्रप्पांनी विचारलं.

"बीजगणितात त्याला क्ष म्हणतात. क्षची किंमत काढायची असते, पत्ता नाही."

"पत्ता पाहिजे! माझ्या पोरीचा साखरपुडा घालवला त्यानं! हरिबा, तू? का मायाप्पा, तू? मास्तर, तुम्ही नाव लपवताय. का, अक्का, तूच काही—"

"माज्या नावानं बोट दाखीवतूस?" गोजरबाई उठलीच. "तुला ह्या हातानं भरवलंय मेल्या!"

"मी होते," कस्तुरा म्हणाली.

गोजरबाई उठली होती ती परत खाली बसली.

"रुखवताची इस्त्री मी लावून बघितली. हौस म्हणून. चूक माझी."

रुद्रप्पांचं तोंड उघडंच राहिलं. काल दिवे गेले तेव्हा कस्तुरा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाटावर बसली होती, हे कुणाच्या ध्यानात येण्याआधीच दाराशी बसलेल्या शरणम्मा उठल्या.

"बेडा, यव्वा," त्या म्हणाल्या. "खोटं बोलू नको माझ्यासाठी, पोरी. मास्तर, तुमचा तो क्ष मी आहे."

मायाप्पानं खाकरून खिडकीबाहेर बघितलं. हरिबा फ्यूजच्या पेटीला पाठ लावून उभा होता, तो तिथंच रुतला.

"बोचक्यातून लुगडं काढलं, नुसता बोळा," शरणम्मा खाली बघून बोलत होत्या. "बाहेर सोलापूरची मोठी माणसं, हे दिवे. म्हटलं, अक्कलकोटची बाई खेडवळ दिसेल, पोराला खाली बघायला लागेल. माझ्या भावाकडं पुण्याला अशी इस्त्री आहे, मला लावता येते. दिवाणखान्यातला उजेड झरोक्यातून आत येत होता, म्हणून खोलीतला दिवा काढला. लावली. नेसले. पण ती तापतीय कशी बघत जराशी तशीच ठेवली, आणि अंधार झाला. घाबरून चाचपडत ती काढली आणि तशीच गरम खोक्यात ठेवली. नवरीच्या रुखवताला लग्नाआधी सासूनं हात लावला, मास्तर. देवानं लगेच दाखवलं. मी कुणाला काय सांगू? माझ्या हातानं या पोरीचं वाईट व्हायला नको, म्हणून नको म्हटलं. मुलगी नको म्हणून नाही हो."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांना रडू आलं. सिद्धप्पा आईकडे आणि मग सरळ कस्तुराकडे बघू लागला. चारचौघांत ते अजिबात वाईट दिसलं नाही.

"माझा हात लागला म्हणून नाही ना?" शरणम्मांनी पुन्हा विचारलं. "नक्की?"

"सम्राटानं लावली असती तरी तार वितळली असती," मास्तर म्हणाले.

कस्तुरा त्यांच्याजवळ गेली. "आणि ती इस्त्री तुमच्याच घरी यायची होती ना? जरा लवकर तुमच्या हाताला लागली, एवढंच."

शरणम्मांनी पदरानं डोळे पुसले. मग गोजरबाईनं पुढं केलेल्या ताटातली चिमूटभर साखर घेऊन तिच्या तोंडात घातली. बाहेर त्यांना घ्यायला आलेला मोटारवाला भोंगा वाजवत होता. शरणम्मांच्या यजमानांनी, आल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडून, त्याला जायला सांगितलं.

"आता माझं ऐक, यव्वा," शरणम्मा म्हणाल्या. "माझ्या घरी आलीस की चूल, फडताळ, देव्हारा, माझी पेटी, कशालाही हात लाव. मला विचारायचं नाही. मी काल तुला विचारलं होतं का?"